साडूंच्या विमानापेक्षा वेगवान

मी दुकानात शिरलो, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणालो की तुमच्याकडचं सगळ्यात वेगवान विमान काढा, आणि त्याला शोभेल असं इंजिन. दुकानदार मूळचा लेथवरचा कारागीर. आता रिमोटवर उडणारी छोटी विमानं आणि त्यांचं सगळं सामान विकतो. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि एवढंच विचारलं, "कुणाला हरवायचंय?"

"साडूंना," मी म्हणालो.

तो हसला नाही, म्हणून मी थांबलो. हसला असता तर दुसरं दुकान गाठलं असतं. गेले चार महिने मला हसणारी माणसं पुष्कळ भेटली होती.

साडूंनी माझं काय घोडं मारलं होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही हसाल. माझं चष्म्याचं दुकान आहे. एकतीस वर्षं मी लोकांची नजर तपासतो आणि काचा घासून देतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते लिफ्ट तपासनीस. इमारतींमधून हिंडायचं, दोर, ब्रेक, दरवाजे तपासायचे आणि अहवाल लिहायचा. अहवालात 'दोष' आणि 'कारण' असे दोन रकाने असतात, आणि ते भरून भरून साडू स्वतःच तसे झालेत. आमच्याकडे जेवायला आले तरी भाजीत दोष काढतात आणि वर कारणही सांगतात. विमान मात्र सुरेख उडवतात. हे कबूल करणं आजही माझ्या जिवावर येतं.

दर रविवारी गावाबाहेर आमच्या क्लबाच्या मैदानावर शर्यती होतात. तीन उंच खांब त्रिकोणात रोवलेले आहेत. दोन जवळ, एक लांब. विमानाने खांबांना बाहेरून दहा फेऱ्या मारायच्या. खांबाच्या आतून वळलं तर फेरी बाद, फार पुढे जाऊन वळलं तर वेळ वाया. उडवणाऱ्याचे डोळे विमानावर खिळलेले असतात आणि अंगठे रिमोटच्या दांड्यांवर. म्हणून लांबच्या खांबावर नजर ठेवायला त्याच्या खांद्यामागे दुसरा माणूस उभा राहतो. विमान खांबाला भिडलं की तो ओरडतो, "आता!", आणि विमान वळतं. साडूंना ही हाक अकरा वर्षं मी दिली. तेवढ्या काळात त्यांच्या कपाटात सात करंडक गेले. एकावरही माझं नाव नाही, आणि मी कधी मागितलंही नाही.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत मी हाक दिली आणि विमान वळलं, पण उशिरा. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी आहे, तिच्यावर जाऊन आपटलं. तुकडे सुपलीत भरून आणावे लागले. मी म्हणालो, तुमचा अंगठा अडखळला. ते म्हणाले, हाक उशिरा आली. एवढ्यावर मिटलं असतं. अशी भांडणं तिथे दर रविवारी होतात आणि चहाबरोबर गिळली जातात. पण आमच्या क्लबात एक वही आहे.

तिला आम्ही पडझड वही म्हणतो. ज्याचं विमान पडलं त्याने स्वतःच्या हाताने तारीख, विमान आणि कारण लिहायचं, असा पहिल्यापासूनचा नेम. या वहीत कुणी कधी खरं कारण लिहिलेलं नाही. वारा असतो, बॅटरी असते, रेडिओतली खरखर असते. एकाने पक्षी आडवा आला असं लिहिलं होतं, तेही दोनदा. 'माझी चूक' हे शब्द शोधून सापडणार नाहीत, आणि 'त्याची चूक' हेही नाहीत. सगळ्यांनी मिळून सगळ्यांची झाकली मूठ सांभाळलेली आहे. साडूंनी मात्र लिफ्टचा अहवाल लिहावा तशा स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कारण: हाक देणाऱ्याची नजर अधू.'

चष्मेवाल्याची नजर अधू! वही टेबलावर उघडीच असते. पुढच्या रविवारपर्यंत गोष्ट गावभर झाली. दुकानात येणारा प्रत्येक जण मला बोटं दाखवून किती आहेत ते विचारायला लागला. एक गिऱ्हाईक, ज्याच्या वडिलांना, त्याला आणि त्याच्या मुलीला मीच चष्मे दिले, ते परस्पर दुसऱ्या दुकानातून नवा चष्मा करून आलं आणि रस्त्यात भेटल्यावर त्याने तो काढून खिशात ठेवला. हे मला फार लागलं. थट्टा करणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात. चष्मा लपवणाऱ्याला काय बोलणार?

वहीत ती ओळ वाचली त्याच संध्याकाळी मी दुकानाचं दार आतून लावलं, गिऱ्हाईक उभं करतो त्या रेषेवर उभा राहिलो आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचला. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, एका दमात, एकही अक्षर न चुकता. बायको काउंटरमागे फ्रेमा पुसत होती. तिला म्हणालो, बघ, आहे का काही दोष? ती म्हणाली, वाचलंत खरं. आणि पुन्हा फ्रेमा पुसायला लागली.

मग मी मैदानावर गेलो आणि चारचौघांत साडूंना गाठलं. म्हणालो, "येत्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत मी तुमच्याविरुद्ध उतरतो. जिंकलो तर ही ओळ तुम्ही सगळ्यांसमोर खोडायची. हरलो तर पुन्हा मैदानाचं तोंड बघणार नाही."

साडूंनी क्षणभर विचार केला आणि चालेल म्हणाले. चेहऱ्यावरची माशीही उडाली नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली. मी अकरा वर्षं हाका मारल्या होत्या, पण स्वतः उडवलेलं विमान म्हणजे संथ, जाड पंखांचं, म्हाताऱ्या माणसाचं विमान. शर्यतीचं विमान मी कधी हातात धरलं नव्हतं.

दुकानदाराने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की दहा जणांना हरवायचं असेल तर एक विमान लागतं आणि एकाच माणसाला हरवायचं असेल तर दुसरं. साडू कसे उडवतात ते सांगा.

ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. साडू वळणावर कधीच धोका पत्करत नाहीत. खांबाच्या बाहेरून ऐसपैस वळतात, हातभर जास्तच, आणि गमावलेला वेळ सरळ रेषेत भरून काढतात. त्यासाठी त्यांनी धुराच्या लांब नळीचं इंजिन बसवलंय. एकदा वेगात आलं की ते कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण वळणानंतर वेगात यायला त्याला वेळ लागतो.

दुकानदाराने काउंटरवर तीन इंजिनं मांडली. आकार तिन्हींचा सारखाच, कारण क्लबाच्या नियमात तेवढाच बसतो. पहिलं साडूंचंच. दुसरं त्याच्याहून जोराचं, पण लहरी, मनात आलं तर चालू होणार. तिसरं दिसायला अगदी साधं. मी दुसऱ्याला हात घातला तसं त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, सरळ रेषेत त्यांच्याशी बरोबरी करायला जाल तर तोंडघशी पडाल, तिथे ते राजे आहेत. हे तिसरं कमाल वेगात त्यांच्यापेक्षा थोडं कमी पडेल, पण वळणातून बाहेर आल्या आल्या पुन्हा उसळी घेतं. दहा फेऱ्यांत तीस वळणं आहेत. ते तीस वेळा ऐसपैस जाणार, तुम्ही तीस वेळा खांब घासून जा.

हे ऐकून मला इतका आनंद झाला की त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्याने आणखी एक बजावलं. जमिनीवर इंजिन पूर्ण जोरात आणायचं नाही, इंधनाची सुई जरा सैल ठेवायची. हवेत गेलं की ते आपोआप चढतं. जमिनीवरच चढवलं तर वर जाऊन गरम होतं आणि बंद पडतं.

मग विमानं निघाली. एक लाल, जाडसर पंखांचं, समजूतदार. दुसरं पातळ पंखांचं, हलकं, जागच्या जागी वळणारं. दुकानदाराने ते दुसरं माझ्यासमोर नाकाच्या बाजूने धरलं.

"समोरून आणि मागून हे सुरीच्या पात्यासारखं आहे," तो म्हणाला. "लांबच्या खांबापाशी गेलं की दिसायला तीक्ष्ण नजर हवी. तुम्हाला दिसेल?"

मी त्याला सांगितलं की एकतीस वर्षं मी लोकांना दिसायची सोय करतो, मला हा प्रश्न विचारायचा नाही. आवाज जरा चढलाच माझा. त्याने मान हलवली, पातळ विमान खोक्यात घातलं आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

विमान बांधायला दोन महिने लागले. निम्म्याहून जास्त काम बायकोने केलं, कारण पंखांवर रंगीत कागद इस्त्रीने चिकटवायचा असतो आणि माझ्या हातून त्याला सुरकुत्या पडतात. वरच्या बाजूला मी काळा कागद आणला होता. काळं विमान साडूंच्या अंगावर जाताना कसं दिसेल याची मनातल्या मनात मजा घेत होतो. बायकोने खालच्या बाजूला भडक नारिंगी लावला. मी म्हणालो, हे काय, फळाचं दुकान आहे का? ती म्हणाली, राहू दे, उठून दिसेल. इतर वेळी मी वाद घातला असता. त्या दिवशी इंजिन हातात होतं म्हणून घातला नाही.

हाक कोण देणार हा प्रश्न होता. क्लबात कुणाला विचारायची लाज वाटत होती. बायको म्हणाली मी देते. तिकडे साडूंना हाक द्यायला आता मेहुणी उभी राहणार होती, म्हणजे दोन खांद्यांमागे दोन सख्ख्या बहिणी. आम्ही दोघे साडू एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, आणि या दोघी रोज दुपारी फोनवर हसत होत्या. मी एकदा विचारलं की त्यांच्याकडे तयारी कुठवर आली? तर म्हणाली, आम्ही विमानांबद्दल बोलतच नाही, आम्हाला बरीच कामं आहेत.

सकाळी दुकान उघडण्याआधी आम्ही मैदानावर जायचो. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांतच मी विमान उतरवून टाकलं. दहा-बारा दिवसांत हात बसला. बायको "आता" म्हणायची, मी वळवायचो, विमान खांबाला घासून जायचं. काय हाक होती तिची! मला वाटायचं, साडूंना अकरा वर्षं अशीच हाक मिळाली आणि त्यांनी तिचं काय केलं? दर वळणाला मी दात-ओठ खाऊन मनात एकच म्हणायचो, नजर अधू काय, बघतोच.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता, सगळीकडे एकसारखा राखाडी उजेड. चाळीसेक माणसं जमली होती. चष्मा लपवणारं ते गिऱ्हाईकही आलं होतं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. वही टेबलावर होती. साडूंनी मला नमस्कार केला. मी इंजिनात डोकं घालून बसलो.

विमानं सुटली. पहिल्या चार फेऱ्या साडू पुढे होते. त्यांचं लांब नळीचं इंजिन सरळ रेषेत नुसतं किंचाळत होतं. पण दुकानदाराने सांगितलं होतं तस्संच झालं. ते ऐसपैस वळत होते, मी खांब घासत होतो, आणि दर वळणाला थोडं थोडं अंतर खात होतो. सहाव्या फेरीत बरोबरीला आलो. शेजारून साडूंचा श्वास मला ऐकू येत होता. मनात म्हणालो, आता पाणी पाजतो यांना. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

सातव्या फेरीत विमान लांबच्या खांबाकडे गेलं आणि बायकोला खोकला आला.

एवढंच. अर्धा सेकंद, कदाचित त्याहूनही कमी. हाक आली नाही, म्हणून मी खांबाकडे बघितलं आणि तिथे काहीच नव्हतं. विमान नव्हतं, काळं नव्हतं, नारिंगी नव्हतं. राखाडी आभाळ होतं आणि खांबाच्या जागी धुरकट रेघ होती. माझे अंगठे दांड्यांवर तसेच थांबले, कारण वळवायचं कधी ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मग खोकल्यातूनच ती ओरडली, "आता!", मी वळवलं, आणि जरा वेळाने विमान आपोआप माझ्या नजरेत आलं, जवळ आल्यावर.

पुढच्या तीन फेऱ्या मी मुद्दाम बघितल्या. तिन्ही वेळा तेच. दोन महिने मी विमान बघून वळवत नव्हतो, बायकोचा आवाज ऐकून वळवत होतो. आणि मग मला माझ्या दुकानातला तो तक्ता आठवला. एकतीस वर्षं रोज वीस माणसांच्या तोंडून मी तो ऐकलाय. मला तो डोळे मिटून म्हणता येतो. त्या संध्याकाळी मी तो वाचला नव्हता, नुसता म्हणून दाखवला होता. जगाला लांबचं दिसतं की नाही ते मी तपासलं आणि स्वतःची तपासणी पाठांतरावर उरकली.

म्हणजे गेल्या मोसमात मी साडूंच्या खांद्यामागे उभा होतो तेव्हाही तिथे काहीच दिसत नव्हतं. सवयीने, अंदाजाने हाक देत होतो. बरेच दिवस अंदाज जुळला, एक दिवस जुळला नाही.

मी जिंकलो. दोन विमानं मावतील एवढ्या अंतराने. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते गिऱ्हाईक पुढे येऊन हात मिळवून गेलं. मी बायकोकडे वळलो आणि तिला विचारलं, तुला माहीत होतं?

"पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "म्हणून तर हाक थोडी आधी देत होते. तुम्ही ऐकून घेतलं असतं का?"

मी ऐकून घेतलं नसतं. वर तिच्यावरच उखडलो असतो, आणि हे लग्नाच्या बायकोला माहीत असावं तितकं पक्कं तिला माहीत होतं.

तेवढ्यात साडू आले. त्यांनी वही हातात घेतली होती, गेल्या मोसमाचं पान उघडलेलं, पेन तयार. सगळे भोवती जमले. साडू खणखणीत आवाजात म्हणाले की ज्याची नजर अधू आहे तो हे विमान या उजेडात असं उडवू शकत नाही, तेव्हा कारण लिहिण्यात माझ्याकडून दोष झाला. मग आवाज खाली आणून फक्त मला म्हणाले, "इतके महिने मला वाईट वाटत होतं. पुढच्या शर्यतीपासून पुन्हा तुम्हीच हाक द्या. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर माझा विश्वास बसत नाही."

हेच मला हवं होतं. शब्द न् शब्द, चाळीस माणसांसमोर. आणि खरं सांगायला लाजत नाही, त्या क्षणी माझ्या मनात आलं की हो म्हणावं. ओळ खोडली जाईल, दुकान वाचेल, आणि एखाद्या रविवारी त्यांचं नवं विमानही टाकीवर जाऊन बसेल. याहून मोठा सूड कुणी उगवला नसेल. कुणाला कळलंही नसतं. फक्त मागे उभ्या असलेल्या दोघी बहिणींतल्या एकीला कळलं असतं, आणि रोज दुपारी फोनवर ती ते गिळून हसली असती.

साडूंनी टोपण काढून पेन ओळीवर टेकवलं. मी पानावर हात ठेवला.

"राहू द्या," म्हणालो. "बरोबर लिहिलंय. लांबच्या खांबापाशी मला काही दिसत नाही. आजही दिसलं नाही. तुमचं विमान मीच घालवलं."

ते गिऱ्हाईक जमिनीकडे बघायला लागलं. इतक्या महिन्यांचा राग माझ्या छातीत तसाच होता, चांगला पोसलेला, आणि तो काढायला आता समोर कुणीच नव्हतं. ज्याचं नाक कापायला निघालो होतो त्याने तर स्वतःहून नाक पुढे केलं होतं.

साडूंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, दोर तपासतात तसं. मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि पेन पुढे केलं.

"कारण मान्य असेल तर खाली सही लागते," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

मी खिशातून जवळचा चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि त्या ओळीखाली सही केली.